मी एकटी का जाते? आनंदीबाईंच्या बोटीआधीची तीन वर्षे

दरवर्षी ३१ मार्चला, आनंदीबाई जोशींच्या जन्मदिनी, समाजमाध्यमांवर एक ठरलेले युद्ध पेटते. एका बाजूला आनंदीबाई, दुसऱ्या बाजूला कादंबिनी गांगुली. प्रश्न एकच : पहिली कोण? एकीला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मार्च १८८६ मध्ये मिळाली, दुसरीने कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला अभ्यास त्याच वर्षी पुरा केला. एकीने पुढे आयुष्यभर रुग्ण तपासले, दुसरीला तेवढे आयुष्यच लाभले नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्ष दमतात. दोघींविषयी कोणालाही नवे काही कळलेले नसते.

हा धागा त्या युद्धाच्या विरोधात आहे. ‘पहिली’ हे बिरूद शर्यतीची शेवटची रेघ तेवढी दाखवते. माणूस उंबऱ्याबाहेर कसा पडला, त्याआधी त्याने काय जमवले, कोणाला काय उत्तर दिले, हे सारे त्या एका शब्दाखाली गाडले जाते. आनंदीबाईंच्या बाबतीत तर गाडला गेलेला भागच अधिक मोलाचा आहे.

हे पुण्यामुंबईत बसून सहज पटणार नाही. त्यासाठी भामरागड डोळ्यांपुढे आणावे लागेल. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे, पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की आलापल्लीचा रस्ता तुटतो आणि तालुक्याचे गाव बेट होऊन बसते. आता महाविद्यालयांचे प्रवेश कधी असतात ते आठवावे. जुलै, ऑगस्ट. ज्या दिवसांत नागपूरच्या कचेरीत मूळ कागदपत्रे घेऊन उभे राहायचे असते, नेमक्या त्याच दिवसांत नदी वाट अडवून बसलेली असते.

तिथल्या आश्रमशाळेतून पुढे शिकायला निघणारी माडिया मुलगी बहुधा घरातून एकटी बाहेर पडणारी पहिलीच असते. शाल, श्रीफळ, छायाचित्र, भाषण हे सगळे तिच्या वाट्याला येते, आणि भाषणात हमखास आनंदीबाईंचे नाव. ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर’ या चार शब्दांत त्या मुलीच्या उपयोगाचे काय आहे? ती काही पहिली होणार नाही. तिला निघायचे आहे. निघण्याविषयी आनंदीबाईंनी जे करून ठेवले, ते मात्र तिला कोणी सांगत नाही.

तर आधी नोंद. ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ही आगबोट ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून सुटली, तेव्हा आनंदीबाईंना अठरा वर्षे पुरी होऊन एकच आठवडा झाला होता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. प्रवास दोन महिन्यांचा होता. तयारी तीन वर्षांची होती.

‘एकटी’ या शब्दावर लगेच आक्षेप येईल, म्हणून त्याचा निकाल येथेच लावणे बरे. बोटीवर मिशनरी वर्तुळातल्या गोऱ्या स्त्रियांची सोबत होती, मग एकटी कशी? सोबत होती हे खरेच. पण आपल्या भाषेचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्याचे एकही माणूस त्या बोटीवर नव्हते, आणि असलेल्या सोबतीला त्यांच्या धर्माविषयी त्यांच्यापेक्षा वेगळ्याच आशा होत्या. द्विजाने समुद्र ओलांडणे हे कलिवर्ज्य मानणाऱ्या समाजातली अठरा वर्षांची चित्पावन विवाहिता नवऱ्याविना निघाली, याला त्या काळच्या मराठीत ‘एकटी’ हाच शब्द होता. त्यांनी स्वतःही तोच वापरला.

आता तयारी. तिची सुरुवात कागदावर झाली. १८७८ साली गोपाळराव जोशी या पोस्टखात्यातल्या कारकुनाने कोल्हापुराहून अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले : पत्नीला शिकवायचे आहे, मदत होईल काय? रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याने ते पत्र आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापले, आणि सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्लाही छापला. गोष्ट तिथेच संपली असती. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक दंतवैद्याच्या बैठकीत, वेळ घालवताना पडला. त्यांनी पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. पुढची तीन वर्षे पत्रे चालू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृती ढासळली तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे धाडली.

इंद्रावतीत डोंगा घालणारा माणूस ज्या जागी उतरायचे त्याच्या बराच वर जाऊन निघतो, कारण प्रवाह खाली ओढणारच हे त्याला ठाऊक असते. पैलतीर आधी ठरतो, मग ऐलतीर सुटतो. आनंदीबाईंनी हेच केले. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेल्या मुलीला घ्यायला जी बाई उभी होती, तिचा चेहरा अनोळखी असेल. हस्ताक्षर तीन वर्षांच्या ओळखीचे होते.

येथे ‘पाठवले’ या क्रियापदाचा समाचार घेणे भाग आहे. ‘गोपाळरावांनी पत्नीला अमेरिकेला पाठवले’ हे वाक्य शंभर ठिकाणी सापडते. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या लोकप्रिय कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’, २०१९ च्या चित्रपटाचे नावही तेच. आणि वाचक-प्रेक्षकांच्या मनात उरतो तो विक्षिप्त, हट्टी, पण द्रष्टा नवरा. पहिले पत्र त्याचे होते, हे कोणी नाकारत नाही. तेरा वर्षांच्या मुलीकडून ते लिहिले जाणे शक्य नव्हते. तिला अक्षर त्याने लावले, इंग्रजी त्याने शिकवले, बदल्यांच्या मागे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे फिरताना अभ्यास तुटू दिला नाही.

पण शिकवण्याची रीत कोणती होती, हेही त्याच पत्नीने लिहून ठेवले आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट आठवण करून दिली : दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे अंगावर आले, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी. त्याच चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीच का शिकायची, याचे उत्तर शोधायला त्या घराबाहेर जावे लागत नाही. ज्या स्त्रीने हा सगळा हिशेब इतक्या थंडपणे मांडला, तिला ‘पाठवले’ असे म्हणणे म्हणजे टपालाच्या पिशवीशी तिची बरोबरी करणे होय. गोपाळरावांच्या नोकरीमुळे ही उपमा सुचली असेल. खरी मात्र नाही.

तयारीचा दुसरा भाग रस्त्यावर झाला, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मुंबईत त्या पुस्तके घेऊन शाळेत जात, तेव्हा लोक खिडक्यांतून माना काढून पाहत, गाड्या थांबवत, बूटमोजे घातलेली ही कोण बाई म्हणून हसत. काही जण खडे मारत, काही थुंकत. बंगालात नवऱ्यासोबत उघडपणे फिरायला निघाल्या तरी टक लावून पाहणारे भेटत. ही हकीकत त्यांनीच जाहीर सभेत सांगितली. सहानुभूती मिळवण्यासाठी सांगितलेली दिसत नाही, त्यात उपरोध आहे. एकटीने समुद्र ओलांडण्याची तालीम मुंबईच्या गल्लीत झाली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि मग ती सभा. २४ फेब्रुवारी १८८३, श्रीरामपूर कॉलेजचे सभागृह. बोट सुटायला सहा आठवडे. प्रवासाला निघणारा सामान्य माणूस अशा वेळी पेट्या भरतो. आनंदीबाईंनी सभा घेतली, आणि लोक पाठीमागे जे विचारत होते ते सहा प्रश्न स्वतःच समोर मांडून इंग्रजीत एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मी एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय? संकट ओढवले तर काय करणार? आणि शेवटचा, सर्वांत बोचरा : कोणत्याही स्त्रीने न केलेली गोष्ट मीच का करावी?

इतिहासप्रेमी तरुणांनी हे भाषण मुळातून वाचावे. ते अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीचे आहे हे वाचताना वारंवार स्वतःला सांगावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच्या ‘पहिली कोण’वाल्यांनी विशेष पाहावे. येथे सोयच नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. मद्रासला कॉलेज आहे, सुईणपणाचे वर्ग निघाले आहेत, हे त्यांनी मान्य केले. पण तिथले शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणाऱ्यांची मने कोती आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे पर्याय तपासून नाकारला होता. अमेरिकेचे वेड हे कारण नव्हते.

‘एकटी का’ याचे उत्तर तर अगदी घरगुती आहे. दोघांनी जायचे असाच आधी बेत होता. पण पैसा पुरेना. नवऱ्याची म्हातारी आई आणि धाकटे भाऊ त्याच्या पगारावर अवलंबून. दोघे गेली तर त्यांना कोण पाहणार? ना कुठली ललकारी, ना स्त्रीमुक्तीची घोषणा. संसाराचा जमाखर्च मांडला, त्यात एका तिकिटाचीच सोय दिसली, आणि ते तिकीट तिचे होते. प्रवासासाठी दागिने मोडावे लागले. इतिहासातले पुष्कळ धाडस असेच, हिशेबाच्या वहीत शिल्लक कमी पडल्यामुळे घडलेले असते.

चौथ्या प्रश्नाला मात्र धार आहे. बहिष्कार घालायचा तर परत येईपर्यंत थांबता कशाला, आत्ताच घाला, असा त्यांच्या उत्तराचा आशय. बंगालात जिथे एकही महाराष्ट्रीय नाही तिथे मी राहते. मी आचार पाळते की नाही हे येथे कोण पाहायला आले आहे? आणि त्याच श्वासात प्रतिज्ञा : हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, वेश आणि आहार बदलणार नाही. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी मनूचा आधार दिला, शिबी आणि मयूरध्वजाची उदाहरणे दिली, आणि समोर बसलेल्या ख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्याच तारणहाराच्या बलिदानाची आठवण करून दिली. कोणाला कोणत्या भाषेत बोलायचे, हे त्या मुलीला पक्के कळत होते.

ही प्रतिज्ञा पोकळ नव्हती, आणि तिला कारण होते. त्याच १८८३ च्या उन्हाळ्यात पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरअखेर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याला जी भीती वाटत होती ती तिथे खरी ठरली. आनंदीबाईंकडे त्यानंतर सगळे त्याच एका नजरेने पाहू लागले : हिचा धर्म शाबूत आहे ना?

पण या तयारीत एक फट राहिली, आणि आनंदीबाईंचे पुतळे उभारणारे नेमके तिथे डोळे मिटतात.

धर्म शाबूत ठेवण्याची तयारी पुरेपूर झाली. हाडामांसाचे शरीर शाबूत ठेवण्याची झाली नाही. श्रीरामपुरातच डोकेदुखी, ताप, धाप चालू होती. फिलाडेल्फियाचा हिवाळा, शाकाहाराचा नेम, खोलीत धुमसणारी, धूर ओकणारी शेगडी. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी पडतात, म्हणून शेवटी त्यांनी गुजराती धर्तीची साडी नेसायला सुरुवात केली. बर्फाच्या देशात अंग झाकण्यासाठी केलेला एवढासा बदल. पण त्यासाठीही आधी मनाशी झगडावे लागले आणि मग नवऱ्याच्या नाराजीला तोंड द्यावे लागले. साडीच्या पाच वारांवरून सातासमुद्रापार पत्रापत्री करावी लागणाऱ्या त्या विद्यार्थिनीचा प्रबंध होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर.

क्षय साडीमुळे होत नाही. रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू १८८२ साली, म्हणजे त्यांच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी दाखवून दिला होता; त्यावरचे पहिले परिणामकारक औषध यायला साठ वर्षे होती. तेव्हा अमुक केले असते तर त्या वाचल्या असत्या, असे विधान करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण कुपोषित, गारठलेल्या देहाला तो रोग लवकर गिळतो, हे सांगायला जंतूशास्त्र लागत नाही. जिच्याकडून समाजाने आचाराची हमी मागून घेतली, तिला एक गरम बंडी द्यावी असे त्याच समाजाला सुचले नाही, एवढे तरी म्हणायलाच हवे. ११ मार्च १८८६ ला पदवी. वर्षअखेरीस मायदेशी परत, त्या हाडांचा सापळा होऊनच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षाची नेमणूक हाती होती; तिथे रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर होता.

आता पुन्हा भामरागडकडे. तिथल्या मुलीला कोणी सांगत नाही की पर्लकोटा ओलांडलीस तर प्रायश्चित्त घ्यावे लागेल. माडिया समाजात बाईने रान तुडवत एकटीने बाजाराला जाणे यात आश्चर्य काहीच नाही. पुण्याच्या पेठांना जे शिकायला दीडशे वर्षे लागली ते तिथे आधीपासून होते. म्हणून आनंदीबाईंची गोष्ट तिथे ‘बंधने तोडणारी स्त्री’ म्हणून सांगणे हास्यास्पद आहे. तिच्या अडचणी निराळ्या आहेत. घरी माडिया, शाळेत मराठी, महाविद्यालयात इंग्रजी, म्हणजे तीन नद्या. वसतिगृहाच्या खाणावळीतले ताट तिच्या घरच्या ताटासारखे नसते. सहाध्यायी विचारतात, तू इथे कशी आलीस? आनंदीबाईंचा सहावा प्रश्नच तो, कपडे बदलून आलेला.

आणि शरीर. गडचिरोलीत मलेरिया आहे, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. शहरात शिकायला निघालेल्या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, तो कागद तिच्या पिशवीत आहे का, ताप आला तर कोणाला दाखवायचे हे तिला ठाऊक आहे का, हे प्रश्न सत्कारसमारंभात कोणी विचारीत नाही. भामरागडजवळ हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आसपासच्या गावांना दवाखाना ही गोष्टच नवी होती. एका डॉक्टर जोडप्याने तिथे मुक्काम ठोकल्यावर काय बदलते, हे त्या तालुक्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तिथून निघालेल्या मुलीची तयारी शाल-श्रीफळावर भागवणे म्हणूनच अधिक लाजिरवाणे आहे.

कोणी म्हणेल, आनंदीबाईंचा प्रवास उच्चवर्णीय, पोस्टातल्या पगारावर चालणाऱ्या घरातला. त्याची भामरागडशी तुलना कशाला? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुलनेतच आहे. जातीचे वजन, इंग्रजी जाणणारा नवरा, परदेशातली मावशी, वृत्तपत्रांतून झालेला गाजावाजा, देशभरातून आलेली वर्गणी, एवढे सगळे पाठीशी असूनही एकटीच्या प्रवासाला तीन वर्षे पत्रे, एक सभा आणि सहा उत्तरे लागली. तरी थंडीची तरतूद राहूनच गेली. ज्यांच्या पाठीशी यातले काहीच नाही त्यांना मात्र ‘जिद्द ठेवा’ एवढ्यावर वाटेला लावले जाते. आनंदीबाईंची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगणाऱ्यांनी ती पत्रे उघडून पाहिलेली नाहीत, हेच खरे. त्यांत जिद्द आहेच. पण तिच्याहून अधिक चौकशा आहेत.

एक तपशील राहिला. त्यांच्या अस्थी अमेरिकेला, त्याच मावशीकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांचा दगड उभा आहे. त्यावर नावापुढे एम.डी. आहे, १८६५ आणि १८८७ ही साले आहेत. ‘पहिली’ हा शब्दही आहे. पण पहिली डॉक्टर असे तिथे कोरलेले नाही. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून निघालेली पहिली ब्राह्मण स्त्री, असे कोरले आहे.